उसना गोफ

गिरगावच्या वाटेवर गुणवंतीच्या मासळीच्या पाटीतलं पाणी दत्तूच्या हातातल्या कागदावर ठिबकलं, तिथून सगळं सुरू झालं.

“डोळे फुटले का गो?”

“आणि तुझे? कागद वाचत कोण चालतं?” ती थबकली. कॉलेजात जाणारा कोळ्याचा पोर तिने आयुष्यात पाहिला नव्हता. “एवढं काय लिहिलंयस?”

“भीक मागतोय…” तो हसला. मेल्याचं हसणंही असं, की तिला पुढे हाळी घालायचंच सुचेना!

वरळीच्या दत्तूची गेल्या साली अर्धी फी माफ होती. यंदा बापाची होडी वादळात फुटली, घरात खायचे वांधे, म्हणून पूर्ण माफीचा अर्ज. मग महिनाभर रोज तो त्याच वळणावर रेंगाळायचा नि ती मुद्दाम हळू चालायची.

अर्जाच्या चौकशीला कॉलेजच्या साहेबाने बोलावलं, त्या सकाळी गुणवंतीने पुरचुंडीतून सोन्याचा गोफ काढला. तिच्या बापाने मरण्याआधी होणाऱ्या जावयासाठी घडवलेला. “उघड्या गळ्याने मोठ्या माणसापुढं जातात का रं आपल्यात? घाल. उसना देतेय हं!” मानेमागे फासा तिनेच अडकवला.

दुपारी तो परतला तो तोंड उतरवून.

“गळ्यात सोनं नि म्हणे गरीब! अर्ज खोटा ठरवला, गो. कॉलेजातून नावच काढलं.”

गुणवंतीने पाटी खाली आदळली. “अरे, माझा आहे म्हणून सांगायचं!”

“चारचौघांत तुझं नाव घेऊ? लग्न व्हायचंय तुझं.”

“आग लागो त्या नावाला! चल, गोफ विकू, फी भरू—”

“आता काढलं ते काढलं. परवाच्या रंगूनच्या आगबोटीवर खलाशी म्हणून लागलोय मी.”

ती भर रस्त्यात रडू लागली. “माझ्यापायी झालं रं… मी खोटं बोलले. उसना नव्हता तो…”

“ठाऊक होतं मला. तुझ्या बापाने तो कुणासाठी घडवला, ते कोळीवाड्यात कोण जाणत नाही? साहेब म्हणाला, ‘हाच गोफ विक, फी भर, नाव राहू देतो.’ मी नाही म्हटलं.” त्याने मान वळवली. “जावयाचा मान विकून शिकू होय?”

“मुडद्या!” ती ओरडली. “हे महिन्याआधी बोलायला काय झालं होतं?”

दत्तूने गळ्यातला गोफ मुठीत धरला. आणि आता बोलायला उरले होते दोनच दिवस.