सेहेचाळीसचा खिळा

असं समजा, पोरांनो, की तुम्ही एका मोठ्या शहराच्या रस्त्यावर उभे आहात. बसगाड्या, दुकानं, शाळा. एके काळी ही पाच वेगळी गावं होती, प्रत्येकाची आपली कोळशाची खाण. जमिनीवर ती पुढे एक झाली. जमिनीखाली त्यांचे बोगदे कधीच एकमेकांना मिळाले होते.

खाणीत उतरताना माणूस भिंतीवरच्या फळीवरून आपल्या नंबरचा पितळी बिल्ला घ्यायचा. वर आला की माझ्या खोलीच्या खिडकीतून परत द्यायचा. रिकामा खिळा म्हणजे माणूस खाली. एखादा बहाद्दर आमच्या गावात उतरून पाचव्या गावात, सासुरवाडीजवळ, वर निघायचा आणि बिल्ला तिथंच लावायचा. मग आम्ही गावोगाव फोन करायचो. बत्तीस वर्षं मी ते काम केलं. खिळा रिकामा असताना 'सगळे वर आले' अशी सही कधी केली नाही.

खाणी बंद झाल्या, बोगदे पाण्यानं भरले. आमच्या खाणीचं तोंड मी सांगतोय त्या दिवशी दुपारी काँक्रीटनं बुजवायचं होतं. खाली कुणी नाही, अशी सही माझी हवी होती. नऊ वर्षांच्या नातीला बरोबर घेऊन मी गेलो.

"दोनशे बारा. सगळे आहेत," मी मोजून म्हणालो.

दुसरी मोजणी दुसऱ्यानं करायची, हा नियम. नात स्टुलावर चढली आणि एकेका बिल्ल्याला बोट लावत गेली.

"दोनशे अकरा, आजोबा."

"शाळेत असंच मोजायला शिकवतात वाटतं?"

"तुम्हीच शिकवलंय."

सेहेचाळीसचा खिळा रिकामा होता. बाकीचे गंजलेले, हा मात्र रोज हात लागत असावा तसा चकचकीत.

"काका, पडला असेल कुठंतरी," तरुण इंजिनिअर म्हणाला. "बाहेर काँक्रीटची गाडी उभी आहे. माल घट्ट झाला तर माझं काही खरं नाही."

जमिनीवरच्या धुळीत फक्त आमची तिघांची पावलं होती.

"सापडेल," मी म्हणालो. "याची पद्धत ठरलेली आहे."

पाचव्या गावची फळी आता तिथल्या वाचनालयात आहे. तिची देखभाल माझा जुना जोडीदार लंबू करतो. त्याला फोन लावला.

"तुझा सेहेचाळीस ना? इथं लटकलाय. ओला आहे रे, थेंब पडतायत. कुणी आणून लावला?"

"लंबू, अर्ध्या तासापूर्वी मी तो इथं मोजलाय."

 फोनमध्ये लंबूची पावलं दूर गेली, परत आली.

"आत्ता होता," तो म्हणाला. "आता नाही."

इंजिनिअरनं कागद पुढे केला. मी पेनाला टोपण लावलं.

"इथं वर येतोय तो. थांबायचं."

"कोण येतोय, काका?"

बंद खिडकीपलीकडे बुटांचा आवाज झाला. पाणी भरलेले बूट, जड. खिडकीशी येऊन थांबले.

इंजिनिअर भिंतीला टेकला. मी पेन धरून जागीच उभा.

नातीनं खिडकीची झडप वर सरकवली. बाहेर ऊन होतं, कुणी नव्हतं. मी शिकवलं होतं तसा तिनं तळहात पुढे केला.

मग मूठ मिटली. सेहेचाळीसच्या खिळ्यावर बिल्ला अडकवला. ओला हात फ्रॉकला पुसला.

आणि खिडकीशी परत जाऊन तिनं पुढच्यासाठी पुन्हा हात पुढे केला.