नटावरची पिवळी रेघ

मिस्त्रीला ती पहिल्यांदा दिसली ती फक्त गुडघ्यांपर्यंत. तो एका टेम्पोखाली उताणा पडून गळणारं ऑइल न्याहाळत होता, आणि त्याच्या डोक्याशी चिखलाने माखलेले दोन गमबूट येऊन उभे राहिले.

"घोडी मिळेल का?" गमबुटांच्या वरून आवाज आला.

"काय?"

"गाडी उचलल्यावर खाली लावतात ना, ती लोखंडी घोडी. दोन हव्यात. भाड्याने."

तो सरकत बाहेर आला. कानामागे खोचलेली पेन्सिल, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि झोप न झालेले पण हसरे डोळे… फाटकाबाहेर एक जुनी जीप उभी होती. तिच्या काचेवर जनावरांच्या दवाखान्याची पाटी होती. नवी डॉक्टर आलीय एवढं आईने त्याला सांगितलं होतं. ती अशी दिसते हे सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

"काम काय आहे?" त्याने विचारलं.

"जीप दोन इंच उंच करायचीय. वरच्या वाड्यांच्या वाटेवर खडक आहेत, गाडीचं पोट अडकतं. गेल्या आठवड्यात गाडी सोडून चालत गेले… पोचेपर्यंत गाय गेली होती. वासरू वाचलं." तिने हे साध्या आवाजात सांगितलं, पण हातातली किल्ली ती उगाचच अंगठ्याने घासत राहिली. "नवे स्प्रिंगचे पाटे मागवलेत. बसवायचे आहेत."

"गाडी सोडून जा. परवा संध्याकाळी न्या."

"नाही. मी बसवणार."

काम करून मागणारी गिऱ्हाइकं त्याने पुष्कळ पाहिली होती. काम करायला हत्यारं मागणारं हे पहिलंच. "आमच्यावर भरवसा नाही वाटतं," तो म्हणाला.

"भरवसा नसायला तरी आधी ओळख हवी ना?" ती हसली. "मागे एका दुकानात पैसे देऊन काम करून घेतलं होतं. ऐन उतारावर पाटा सुटला. तिथं मी होते आणि दोन शेळ्या होत्या. शेळ्यांना काही येत नव्हतं. तेव्हाच ठरवलं, जी गाडी एकटीने डोंगरात न्यायची, ती एकटीला उघडता आली पाहिजे."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. आणि असतं तरी मिस्त्री बोलला नसता. अख्ख्या बाजारात तो त्यासाठीच प्रसिद्ध होता. इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगणारा हा माणूस, पण समोर दोन पायांचं कुणी आलं की त्याची बोबडी वळायची.

"तुमच्याकडे अंगण मातीचं असेल," तो शेवटी म्हणाला. "मातीत घोडी रुतते. गाडी अंगावर येईल. इथं करा. जमीन पक्की आहे, हत्यारंही आहेत."

"आणि तुम्ही?"

"मी… बघेन."

"हात लावायचा नाही."

"नाही."

"आणि मला नट आवळता-सोडताना शेजारी बडबड नको असते."

घराच्या दारात उभ्या असलेल्या आईला ठसका लागला. आपल्या लेकाला कुणी बडबड करू नको म्हणून बजावेल असं तिला जन्मात वाटलं नव्हतं.

रविवारमागून रविवार ती येऊ लागली. सकाळच्या थंडीत लोखंड हाताला चावायचं, म्हणून ती पाने आधी उन्हात मांडून ठेवायची. गंजलेला नट सुटेना तेव्हा तिने शिवी दिली नाही की हातोडा मारला नाही. त्यावर तेल सोडून ती त्याच्याशी हळूच बोलू लागली, "चल रे बाळा… घाबरू नकोस… ये बरं बाहेर." आणि नट खरोखर सुटला. मिस्त्री शेजारी कार्बुरेटर साफ करत होता. तो हसला. नंतर त्याच्या ध्यानात आलं की आपण बराच वेळ तोच एक भाग पुसतोय. प्रेमात पडला तो तेव्हाच, मग कबूल करायला त्याने कितीही दिवस लावले असोत.

"गुरांची डॉक्टर आहे," आई चहाचे कप नेताना त्याच्या कानाशी पुटपुटली. "बरंच झालं. तुझ्यासारख्या मुक्या जनावराला तशीच पाहिजे."

दुसऱ्या रविवारी मागचे पाटे बसले. चाकं अजून हवेत लोंबकळत होती, आणि ती जोर लावून एकेक नट शेवटचा आवळत होती. मिस्त्रीने ते पाहिलं. त्याने तोंड उघडलं… "आता काही बोलू नका," ती दातांत टॉर्च धरून म्हणाली, "फेरे मोजतेय मी." त्याने तोंड मिटलं.

पुढच्या रविवारी ती आली तीच तणतणत. जीप म्हाताऱ्या खाटेसारखी कुरकुरत होती.

"लाकडासारखी ताठ झालीय. काय चुकलं?"

"पाट्याच्या टोकाला रबरी बुश असतात," तो मान खाली घालून म्हणाला. "चाकं अधांतरी असताना नट आवळले, की रबर त्याच ठेवणीत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते पिळवटतं. मग कुरकुरतं, शेवटी फाटतं. आधी गाडी चाकांवर उभी करायची. तिचं वजन तिला घेऊ द्यायचं, जरा हलवायची, बसू द्यायची. शेवटची आवळणी त्यानंतर."

एवढं लांब वाक्य ऐकून ती क्षणभर बघतच राहिली. मग तिच्या कपाळावर आठी चढली. "हे तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"तुम्हीच म्हणालात…"

"मी म्हणाले म्हणून? अहो, माझे पेशंट बोलू शकत नाहीत, म्हणून मला हाताने चाचपून बघावं लागतं कुठं दुखतंय ते. तुम्हाला तर देवाने तोंड दिलंय ना?"

ती खरंच रागावली होती. पण पाना हातात घेऊन खाली शिरताना तिने त्याचं वाक्य शब्दान् शब्द पुन्हा म्हटलं, पाठ करावं तसं.

त्या दिवशी त्याने तिला आपली एक सवय शिकवली. शेवटची आवळणी झाली की तो नटावर आणि बोल्टवर मिळून पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायचा. नट जरा जरी फिरला, तरी रेघ तुटायची आणि लगेच कळायचं. "म्हणजे नटाची नाडीच की," ती म्हणाली, आणि सगळ्या रेघा तिने स्वतः ओढल्या. नाकावर पिवळा ठिपका राहिला, तो त्याने सांगितला नाही. दिसत होता छान.

चौथ्या रविवारी पुढचेही पाटे झाले. जीप ऐटीत उभी राहिली. तिने जागेचं भाडं दिलं, आईच्या हातचा चहा घेतला, गाडीत बसली… आणि इंजिन चालू करून उगाच थांबली.

"झालं मग," ती म्हणाली.

"झालं," तो म्हणाला.

"काही सांगायचं राहिलं नाही ना? मागच्यासारखं?"

त्याच्या घशापर्यंत आलं होतं. "टायरमधली हवा बघत जा," असं काहीतरी तो बोलला. जीप वळणापलीकडे गेली, आणि आईने कपाळावर हात मारून घेतला.

पुढचे दोन रविवार कुणी आलं नाही. येईल कशाला? काम त्यानेच तिला इतकं नीट शिकवलं होतं, की आता तिला ना दुकानाची गरज, ना दुकानदाराची. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता त्याने. सकाळी तो पाने उन्हात मांडायचा आणि संध्याकाळी तसेच उचलून ठेवायचा.

तिसऱ्या रविवारी कोपऱ्यावरून आवाज आला. कुर्र… कुर्र… गाडी दिसायच्या आधीच त्याला कळलं कुणाची ते.

"या वेळी मी काही करणार नाही," डॉक्टर किल्ली पुढे करत म्हणाली. "दुकानात दिलीय असं समजा. करून द्या, पैसे घ्या."

ती खाली बघत बोलत होती. तो जीपखाली शिरला. मागचं उजवं बुश पिळवटलेलं होतं. त्याने टॉर्च मारला. पिवळी रेघ तुटली होती. अर्धी नटावर, अर्धी बोल्टवर, मध्ये बोटभर अंतर. हे आपोआप झालेलं नव्हतं. कुणीतरी नट सोडून पुन्हा आवळला होता, आणि तोही चाकं हवेत असताना.

"कुणी हात लावला याला?" त्याचा आवाज चढला. "कुठल्या दुकानात नेली होतीत? कोण गाढव आहे तो?"

वर गमबूट जरा मागे सरकले.

"त्या गाढवाला," गमबूट म्हणाले, "लोक डॉक्टर म्हणतात."

"पण… तुम्हाला तर माहीत होतं."

"पाठ होतं. वजन घेऊ द्यायचं, हलवायची, बसू द्यायची… सगळं पाठ होतं. मुद्दाम केलं. घाट टाळला, खालच्या वाटेनेच आले. गाडी नीट चालत असती, तर इथं यायला कारण काय सांगितलं असतं? तुम्ही तर काही बोलणार नव्हतात."

हसावं की रडावं हे मिस्त्रीला कळेना. चांगलं काम कुणी बिघडवलं की त्याला दोन दिवस जेवण जात नसे. आणि आज हे बिघडवलेलं काम त्याला आजवरच्या साऱ्या कामांपेक्षा सुंदर वाटत होतं.

"डॉक्टर," तो खालूनच म्हणाला, "मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. त्या गंजलेल्या नटापासून तर… फारच."

"हे बाहेर येऊन सांगता येईल?"

"इथून सोपं जातंय."

गमबूट हलले. गुडघे टेकले, आणि ती सरपटत आत आली, त्याच्या शेजारी उताणी पडली. दोन इंचांनी जागा चांगलीच वाढली होती. दोघं मावत होते, जेमतेम.

"परत सांगा," ती म्हणाली. त्याने सांगितलं. या खेपेला थोडं कमी अडखळत.

बुश त्यांनी दोघांनी मिळून बदललं. गाडी चाकांवर उतरवली, हलवली, बसू दिली. मग पुन्हा खाली शिरून लांब पान्याच्या दांड्यावर तिने हात ठेवला आणि म्हणाली, "लावा हात." रेघ मात्र त्याने ओढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती वाकडी आली.

"पुसू?" त्याने विचारलं.

"राहू दे. ओळखू येईल, आपली म्हणून."

बाहेर आईने तिसरा कप मांडला होता. तिने दोघांच्या पाठीला लागलेली धूळ पाहिली आणि साखर घालायला आत गेली.

जायला निघताना डॉक्टर खिडकीतून वाकली. "काही सांगायचं राहिलं नाही ना?"

"राहिलंय," मिस्त्री म्हणाला. "पुढच्या रविवारी गाडी न बिघडवता ये."