शांतांक ब्याण्णव

दुपारी तीन वाजता कौतिकताईंनी देवमनजी डाखोरे यांच्या ओठांना चहाचा चमचा लावला. त्यांनी घोटभर घेतला आणि ते हसले. त्यांच्या कपाळावरच्या पांढऱ्या पट्टीला एक छोटा पडदा जोडलेला होता. त्यावर आकडा होता ब्याण्णव.

"कसा झाला चहा, काकाजी?"

"लय चांगला झाला, माय."

चहात साखर नव्हती. ती घालायची कौतिकताई विसरल्या होत्या, हे त्यांना भांडं विसळताना कळलं. अकरा दिवसांपूर्वी देवमनजी इथे आले, तेव्हा पहिल्याच सकाळी त्यांनी चहावरून भांडण काढलं होतं. "याले चहा म्हणतेत? गरम पाण्याले रंग देल्ला तुमी." त्यानंतर त्यांना पट्टी बांधली. तेव्हापासून सगळंच चांगलं झालं होतं.

पैनगंगेच्या काठचं हे घर सोबत पंथाचं. फार पूर्वी, प्लेगच्या साथीत गावंच्या गावं रानात राहायला गेली. आजाऱ्यांना घरातच सोडून लोक निघाले, तेव्हा एक बाई मागे राहिली आणि मरणाऱ्यांच्या उशाशी बसू लागली. पंथ तिच्यापासून सुरू झाला. त्यातल्या बायकांना सोबतीण म्हणतात. त्यांचा असा वेगळा देव नाही. मरणाऱ्याचा जो देव, तोच तेवढ्या दिवसांपुरता त्यांचाही. व्रत मात्र एक आहे आणि ते कडक आहे. मरणाऱ्याचं वाक्य तोडायचं नाही आणि त्याच्या वतीनं पुरंही करायचं नाही. एका वाक्याला दुपार लागली तरी सोबतिणीनं वाट पाहायची.

शमनपट्टी येऊन दोन वर्षं झाली होती. मेंदूत सतत बारीक विजेच्या लहरी उठत असतात. माणूस घाबरला, तळमळला की त्या लहरींचा नूर बदलतो. पट्टी तो बदल ओळखते आणि कवटीतून बारीक ध्वनिस्पंद आत सोडते. हे स्पंद कानाला ऐकू येत नाहीत. उतू जाणाऱ्या दुधावर पाण्याचा हबका मारावा, तशी तळमळ खाली बसते. किती खाली बसली हे पडद्यावर शंभरपैकी दिसतं. त्याला शांतांक म्हणतात. ऐंशीच्या वर असला की नातेवाईक निर्धास्त होतात.

कौतिकताई परत आल्या तेव्हा देवमनजी छताकडे पाहत होते.

"मोहपोडावरच्या पाण्याचं," ते म्हणाले, "मी तवा..."

त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. हात चादरीवर काहीतरी शोधू लागला. आकडा घसरला. सत्तर, त्रेसष्ट, अठ्ठावन्न. मग पट्टीवरचा हिरवा ठिपका दोनदा लुकलुकला. हात थांबला. आकडा पुन्हा ब्याण्णव झाला.

कौतिकताई वाट पाहत बसल्या. पाच मिनिटांनी देवमनजी त्यांच्याकडे वळून हसले. "चहा लय चांगला झाला, माय."

हे चौथ्यांदा घडत होतं. पहिल्या तीन वेळा कौतिकताईंना वाटलं, म्हाताऱ्याला गुंगी येते. उलट त्यांनी देवमनजींच्या मुलीला, प्रांजलीला, अभिमानानं सांगितलं होतं, "माझ्या सोबतीचा गुण येतोय त्यांना." ते आठवलं आणि त्यांचे कान तापले. वाट पाहायची सवय इतकी मुरली होती, की ज्याची वाट पाहायची ते समोर मोडून पडतंय हे त्यांना दिसलंच नव्हतं.

त्यांनी पट्टी बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला.

"साहेब, पट्टीला भीती आणि पश्चात्ताप यांतला फरक कळतो का?"

"दोन्हींच्या लहरी जवळपास सारख्याच असतात, ताई. पट्टी त्रास ओळखते. कशाचा त्रास, ते नाही ओळखत."

"म्हणजे एखाद्याला जड असं काही सांगायचं असेल आणि तो..."

"त्याला लगेच आराम देते. त्यासाठीच आहे ना ती."

कौतिकताईंनी फोन ठेवला. आपलंही वाक्य त्यानं पुरं होऊ दिलं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं.

मोठ्याताई म्हणजे पंथाच्या प्रमुख मंदाकिनीताई. त्या बाहेरच्या खोलीत प्रांजलीशी बोलत होत्या. कौतिकताई दार न वाजवता आत गेल्या.

"मोठ्याताई, देवमनजींची पट्टी काढायची आहे."

"का? दुखतंय का कुठे?"

"दुखतंय. आणि ते दुखणं त्यांना सांगायचं आहे. चारदा त्यांनी सुरुवात केली, चारदा पट्टीनं त्यांचं तोंड बंद केलं."

प्रांजली उभी राहिली. ती पुण्याहून आली होती आणि दहा दिवस धड झोपली नव्हती. "ताई, नका काढू. आई गेली तेव्हा तीन दिवस ओरडत होती. मी पाहिलंय. बाबांना हसताना बघून मला किती बरं वाटतं, तुम्हाला नाही कळायचं."

"बाळा, ते तुझ्याकडे बघून हसतात तसेच बिनसाखरेच्या चहाकडे बघूनही हसतात."

"कौतिका," मोठ्याताई म्हणाल्या, "जरा तोंड सांभाळ."

"दोन वर्षं तेच केलं." कौतिकताईंचा आवाज चढला नाही. "व्रत घेताना तुम्ही माझ्याकडून म्हणवून घेतलं होतं, वाक्य तोडणार नाही. मी तोडलं असतं तर तुम्ही मला घरी पाठवलं असतं. हे यंत्र रोज सात खाटांवर तोडतं, आणि आपण त्याला रोज पुसून चार्ज करतो. मरणाऱ्याकडे उरतं काय? ताकद नाही, वेळ नाही. एक बोलणं उरतं. तेही आपण काढून घेतलं, आणि वर म्हणतो, बघा किती शांत गेला."

"लोकांना शांतच जायचं असतं," मोठ्याताई म्हणाल्या.

"मग विचारू देवमनजींना."

"जा, विचार."

"पट्टी असताना विचारलं, तर ते कशालाही चांगलंच म्हणतील. त्यांनाच विचारायचं तर आधी ती काढावी लागेल."

मोठ्याताईंनी प्रांजलीकडे पाहिलं. प्रांजली खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मग ती म्हणाली, "मी समोर असणार. आणि ते ओरडायला लागले तर मी स्वतः बांधणार."

"बांध," कौतिकताई म्हणाल्या.

पट्टी काढली तेव्हा साडेचार वाजले होते. पहिली दहा मिनिटं देवमनजी नुसते कण्हत होते. मग त्यांनी प्रांजलीला ओळखलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ती पट्टीकडे वळली. कौतिकताईंनी तिचा हात धरला नाही. प्रांजली आपणच थांबली.

"मोहपोडावरच्या पाण्याचं," देवमनजी म्हणाले.

एवढ्या शब्दांनंतर अर्धा तास गेला. कोणी काही विचारलं नाही.

"मी तवा पाणी तपासाच्या कामावर होतो. मोहपोडाच्या वस्तीवरच्या बोअरमदी फ्लोराइड निंगालं साडेचार. दीडच्या वर चालत नाही. साहेब म्हनले, योजना पुरी झाली म्हनून वर कळवलं हाय, आता मांगं नाही घेता येत. मी... मी दीड लिवलं."

श्वास अडकत होता. हात पुन्हा चादरीवर फिरू लागला. या वेळी त्याला प्रांजलीचा हात सापडला.

"मंग बारा वर्सांनं गेलो तिकडं. लेकराईचे पाय पायले. धनुष्यावानी वाकले होते. दात पिवळे. मी काईच नाही बोललो. पोरी, ते बोअर अजून चालू हाय. बंद कर ते. तारीख सांगतो, लिवून घे."

प्रांजलीनं फोन काढला. त्यांनी तारीख सांगितली, बोअरचा नंबर सांगितला आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं. सगळं मिळून सव्वादोन तास लागले. त्यांतला अर्धा वेळ ते रडत होते. एकदा ओरडलेही. शेवटी त्यांनी डोळे मिटले.

"काकाजी, पट्टी बांधू की नको?" कौतिकताईंनी विचारलं.

"आता बांध, माय. भेव लागते."

त्यांनी बांधली. आकडा चौऱ्याहत्तरवर थांबला, त्याच्या वर गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता देवमनजी गेले. अंत्यविधी आटोपून प्रांजली पुण्याला गेली नाही. वडिलांचा आवाज फोनमध्ये घेऊन तिनं मोहपोडाची वाट धरली. पोचल्यावर तिनं कौतिकताईंना एवढंच कळवलं, की बोअरवर बायकांची रांग आहे आणि ती बोअरपाशीच उभी आहे.

संध्याकाळी कौतिकताई खोलीतल्या सहा खाटांपाशी एकेक करून थांबल्या. सहाही चेहरे हसत होते. मोठ्याताई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या, त्यांना कळलं नाही.

"उद्यापासून," मोठ्याताई म्हणाल्या, "रोज तासभर पट्ट्या काढायच्या. ज्याला हवी तो मागून घेईल." मग त्या एका खाटेच्या कडेला बसल्या. कौतिकताईंनी सवयीनं वाट पाहिली.

"माझी आई गेल्या वर्षी इथेच गेली. उशाशी तू होतीस. शेवटच्या दुपारी मी आत आले, तर ती मला म्हणाली, 'मंदे, तुला एक...' आणि हसली. मी सगळ्यांना सांगत आले, आई मला बघून हसत हसत गेली." त्यांनी कौतिकताईंकडे पाहिलं. "कौतिका, तू तिच्या पट्टीचा पडदा बघत होतीस ना? ती मला बघून हसली होती का?"