डेल्फीच्या गाण्यातलं एक कडवं

"डेल्फीला मी मारलं नाही," हार्लन टेट दारातूनच म्हणाला. हातातली टोपी त्याने पार चुरगाळून टाकली होती.

खुनाच्या आरोपाखाली तो तुरुंगात म्हातारा झाला होता. सुटून कॅरोलायनाच्या डोंगरात परतला, तर घरोघरी त्याचंच गाणं. हार्लनने डेल्फीला पैलतीरी नेलं आणि नदीत ढकललं!

गावातली अडलेली कोडी उलगडून देणाऱ्या मिस ऑगस्टा पेनलँडने त्याला चुलीपाशी बसवलं, मक्याचा पाव आणि ताक पुढे ठेवलं.

"आम्ही पळून जाणार होतो. मी पलीकडे थांबलो, ती आलीच नाही. माझ्यापायी तिने जीव दिला का, एवढं शोधून द्या."

कोपऱ्यात बसलेला रूफस अस्वस्थ झाला. आज तो मिस ऑगस्टाचा मदतनीस असला, तरी तेव्हा शेरीफच्या हाताखाली होता. हार्लनला त्यानेच पकडलं होतं.

"हा पैलतीरावरच सापडला," हार्लन गेल्यावर तो म्हणाला. "पुरात साकव वाहून गेलेला. डेल्फीचं प्रेत तिच्या बापाने काढलं. अनवाणी होती. बूट नदीने नेले."

मिस ऑगस्टा रूफसला घेऊन गेली, तेव्हा गाणं रचणारा ज्युबल फिडलच्या तारा पिळत होता.

"कोर्टात ऐकलं तसं जुळवलं, बाई."

"'गळ्यात बुटांची जोडी, आत गुंडाळून मोजे', हेही कोर्टातलंच?"

"छे! ते डेल्फीच्या बहिणीने घुसडलं, झोराने. चालीत बसत नाही म्हटलं, तर माझ्यावरच डाफरली."

झोरा ओसरीवर शेंगा निवडत होती. "सुचलं, घातलं," ती तुटकपणे म्हणाली. "तुम्हाला काय करायचंय?"

मिस ऑगस्टाने रूफसला पाठवून हार्लनला तिथेच बोलावून घेतलं. त्याला पाहताच झोराचे हात थांबले.

"अनवाणी मुलीच्या गळ्यात बूट आले कुठून?" मिस ऑगस्टाने विचारलं. "ज्याने प्रेत आधी पाहिलं, त्यालाच ते ठाऊक."

"पण त्यावरून काय कळतं?" रूफसने विचारलं.

"अरे, बूट गळ्यात अडकवून माणूस केव्हा चालतो? पाण्यातून पलीकडे जायचं असतं तेव्हा. पैलतीरी पोचली असती, तर बूट पायात असते. हार्लन तर पलीकडेच होता, मग तिला ढकललं कोणी? आणि जीव द्यायला निघालेली पोर मोजे कशाला सांभाळेल? ते तिला पलीकडे जाऊन घालायचे होते."

झोराच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "बाबांनी तिच्या गळ्यातले ते बूट चुलीत घातले. पोरगी पळून जात होती म्हणण्यापेक्षा मारली म्हणणं त्यांना बरं वाटलं. मला शपथ घातली, कुणाशी बोलायचं नाही. मी लहान होते. पण गाण्याला कुणी शपथ घातली नव्हती. वाटलं, कुणीतरी नीट ऐकेल."

रूफसने मान खाली घातली. ते कडवं त्यानेही कितीदा गुणगुणलं होतं.

"साकव गेला होता," हार्लन हळूच म्हणाला, "तरी ती येत होती?"

"तुझ्याकडेच येत होती," झोरा म्हणाली.

हार्लनने चुरगाळलेली टोपी गुडघ्यावर सरळ केली. मग चाचरत म्हणाला, "तिच्या थडग्यापाशी कधी जायची हिंमत झाली नाही. आता गेलो तर चालेल?"

झोराने शेंगांची टोपली खाली ठेवली आणि त्याला हात दिला. "ऊठ. मी येते सोबत."