हाकेला न उघडलेलं दार

अनिश, तो मोबाइल ठेव खाली. आणि सुरुची, तुला हसायचं असेल तर आत जा. बालाजी घाटावरच्या आपल्या बिंदुमाधवाच्या घरात घडलेलं आहे हे. सांगताना अजून त्याच्या मुठी वळतात.

गेल्या मार्गशीर्षातली अमावस्या. बिंदू रेल्वेच्या ऑफिसातून थेट गावाच्या दुसऱ्या टोकाला, लंका भागातल्या हॉस्पिटलात गेला होता, बायकोचं इंजेक्शन आणायला. देवयानीला लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. पुढची केमो एवढी जालीम, की हाडांतली मज्जाच जळून जाणार. म्हणून रक्त तयार करणाऱ्या तिच्याच मूळ पेशी आधी काढून गोठवून ठेवायच्या आणि मागाहून तिला परत द्यायच्या. पण त्या बसलेल्या असतात मज्जेत, घट्ट चिकटून. रोज सुया देऊन त्यांना रक्तात उतरवायचं, मग मशीन त्या वेगळ्या करून घेतं. त्या सुयांनी हाडं अशी ठणकत होती, की देवयानीला जिना उतरवत नव्हता.

एवढं सोसूनही रक्तात पेशी उतरल्या त्या थोड्याच. डॉक्टर म्हणाले, "आज रात्री अकराच्या आत ही एक सुई पोटावर द्या. मज्जेतली पकड सुटेल, सकाळी पेशी मिळतील. ही संधी हुकली, तर यांच्या शरीराला पुन्हा हे सगळं झेपणार नाही."

सुई कशी द्यायची ते नर्सनं बिंदूला शिकवलं होतं. मैदागिन चौकापर्यंत ऑटो, पुढे गल्ल्यांतून पायी. दाट धुकं. घरी पोचला तर दाराला आतून कुलूप.

"काका, मी बिंदू. दार उघडा."

आत त्याचे काका ढुंढिराज. भिक्षुकी करणारे, घरातले कर्ते. त्या घराचा रिवाजच तसा: अमावस्येला एकदा कुलूप घातलं, की बाहेरून कुणीही हाक मारो, ओ द्यायची नाही. बाहेरचं ओळखीचा आवाज काढतं म्हणे! अरे, पण बिंदूनं संध्याकाळी फोन करून सांगितलं होतं, की उशीर होईल, आजच्या दिवस दार उघडा. तेव्हा हे गृहस्थ "बरं" म्हणाले होते.

बिंदूनं देवयानीला फोन लावला. ती वरून ओरडली, "काका, हेच आहेत हो! फोनवर बोलतायत माझ्याशी!"

"फोनवरही तेच बोलतं," काका म्हणाले. "तू झोप."

बिंदूचं डोकंच फिरलं. दारावर लाथा घालायला लागला. "मरेल ती! आग लागो तुमच्या रिवाजाला! अन्नपूर्णेला मारलंत, आता हिलाही मारणार?"

अन्नपूर्णा म्हणजे काकांची मुलगी. सासरी आजारी पडली म्हणून माहेरी आली, ती नेमकी अमावस्येच्या रात्री. रात्रभर त्याच पायरीवर बसून बापाला हाका मारत होती. सकाळी काकांनी दार उघडलं तेव्हा... जाऊ दे. माझंही डोकं फिरतं. लोक त्यांच्या पाया पडतात. कशाला पडतात, त्यांनाच ठाऊक!

अकरा वाजत आले. शेजारचंही दार उघडेना. बिंदू दाराला कपाळ टेकून रडायला लागला. रागानं.

आत खुट्ट झालं.

दार उघडलं.

अंधारात बाई उभी. डोक्यावरून पदर. बिंदू तिच्यावरच भडकला. "देवयानी, कशाला उतरलीस? अशा अंगानं?"



तिनं नुसता जिन्याकडे हात केला. तो धावत वर गेला.

जिन्याच्या वरच्या पायरीवर देवयानी बसलेली. घामानं चिंब. उतरायला धडपडत होती.

मग खाली...?

त्यानं वळून पाहिलं. बाई नव्हती. दार बंद. कुलूप लागलेलं. दारासमोर पाटावर काका. किल्ली त्यांच्या मुठीत.

"तू..." काका म्हणाले. "आत..."



बिंदूनं आधी सुई दिली. मग खाली येऊन ओरडला, "कुणी उघडलं? बोला ना आता!"

काका दाराकडे बघत राहिले...

सकाळी मशीनवर पेशी हव्या तेवढ्या मिळाल्या. देवयानी आता सुधारतेय, परवाच येऊन गेली. बिंदूचा राग गेलेला नाही. आणि का जावा?

पेशी काढल्या त्या दिवशी संध्याकाळी दोघं घरी परतली, तेव्हा काका पाटावरच होते. उघडे. जानवं उजव्या खांद्यावर. पितरांना पाणी देताना घेतात ना, तसं. लग्न झालेली मुलगी परक्या गोत्राची, म्हणून अन्नपूर्णेला त्यांनी कधी ओंजळभर पाणीसुद्धा दिलं नव्हतं.

"आता आठवली?" बिंदू म्हणाला.

काकांनी जानवं नेहमीसारखं डाव्या खांद्यावर घेतलं. हात मांडीवर ठेवले. बिंदू बघत होता. देवयानी बघत होती.

जानवं उजव्या खांद्यावर होतं.

"सकाळपासून हेच चाललंय," काका म्हणाले. "मी हात लावत नाहीये रे..."