जो ड्राइव्ह अंदाज करत नाही

अगं, ऐक आधी, चहा नंतर. आत्ता नशवाचा फोन आला होता... थांब, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुला खोटंच वाटेल.

नशवाचे बाबा, शहाता, शुब्रा भागातल्या निम्म्या लग्नांचे नबत्शी, म्हणजे मांडवात सलाम पुकारणारे. माईक त्यांच्या हातात. गाणं मधेच थांबवायचं, पाहुण्याचं नाव घ्यायचं आणि दणक्यात सलाम ठोकायचा. नाव घेतलं की हात वर करून सलाम परत करायचाच. नाही केला तर शहाता तिथेच अडायचे. तेच नाव पुन्हा, पुन्हा, आणि सगळा मांडव तुझ्याकडे बघतोय.

ते गेले त्याला चार वर्षं झाली. मागे राहिल्या त्या लग्नांच्या दीडशे सीडी. आता त्यांचा चांदीचा थर खवल्यांसारखा निघायला लागलाय. त्यात गेल्या आठवड्यात तिची आई, इनसाफ, म्हणाली की चेहरा आठवतो गं त्यांचा, पण आवाज विसरत चाललेय. मग नशवा कसली थांबतेय! उठली आणि गेली सीडीचा ड्राइव्ह आणायला, लॅपटॉपला ड्राइव्ह असतो कुठे हल्ली.

दुकानातल्या लबीबकाकांनी आधी टोमणा मारला, "सीडी? बापाने ग्रामोफोन नाही ठेवला मागे?" मग दोन ड्राइव्ह काढून ठेवले. एक नवा, पापडासारखा पातळ. दुसरा जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेला, विटेएवढा जाड.

"पातळ्याला ओरखडा लागला की तो अंदाजाने जागा भरतो आणि पुढे पळतो," काका म्हणाले. "हा म्हातारा अंदाज करत नाही. अडतो, पुन्हा पुन्हा वाचतो, पण जे खरं आहे तेच देतो. फक्त असली सडकी सीडी तीनदाच वाच. चौथ्यांदा हातात भुगा येईल."

तिने दोन्ही घेतले, म्हणजे ताडून बघता येईल.

काल दुपारी खमसीन वारा सुटला होता, आठवतंय ना? सगळं आकाश पिवळं, खिडक्या बंद, घरभर धुळीचा वास. नशवा पाचव्या मजल्यावर एकटी, नवरा कुवेतला. पातळ ड्राइव्हने एक सीडी झटक्यात वाचली. गाणं गुळगुळीत, पण बाबांचा आवाज अर्धाच. मग तिने जाड लावला. तो घरघरला, अडला, पुन्हा घरघरला. ओरखड्याच्या जागी गाणं थांबलं आणि बाबा अगदी जवळून बोलले.

"पाचव्या मजल्यावरच्या नशवाला... सलाम."

सीडी दोन हजार चारची. ही इमारत तेव्हा उभीच नव्हती गं.

पण सवय ती सवय. हात आपोआप वर गेला आणि तोंडातून निघालं, "तुम्हालाही सलाम, बाबा."

तिला वाटलं, भास झाला. दोन्ही वेळचं वाचन जुळलं तरच खरं, म्हणून तिने तीच सीडी पुन्हा वाचायला लावली. जुळलं नाही. गाणं चार सेकंदांनी लांबलं होतं. सलामानंतर त्यात तिचंच उत्तर होतं... तिच्याच आवाजात.

तेवढ्यात इनसाफचा फोन. खाली आलेय, वर येऊन तुझ्या बाबांना ऐकते म्हणाली. नशवा म्हणाली, येऊ नकोस. पण शब्द पोचेनात. घासलेल्या सीडीसारखा तिचा आवाज मधेमधे गळत होता.

"तुटतंय गं," आई म्हणाली. "आलेच."

सलाम परत केला होता, त्याबरोबर तिचा आवाजही तिकडेच, सीडीत चालला होता. आणि पातळ्याचं धरून हे तिसरं, शेवटचं वाचन सुरूच होतं.

दारात इनसाफ उभी, पाच जिने चढून धापा टाकत. आणि स्पीकरमधून, हळूच...

"इनसाफ... सलाम."

मग पुन्हा. "इनसाफ..."

इनसाफच्या डोळ्यांत पाणी. नशवाचं बोट ड्राइव्हच्या बटणावर. मधेच बाहेर काढली तर पुन्हा लावणं म्हणजे चौथी खेप, सीडीचा भुगा आणि बाबांचा आवाज कायमचा गेला. नाही काढली तर आईचा हात वर जायला लागलाच होता...

पुढे काय केलंस, मी तिला आत्ता फोनवर तीनदा विचारलं. ती सांगत होती गं, पण नेमका तेवढाच आवाज गळला. तिन्ही वेळा.

मग त्या गळलेल्या जागेत टाळ्या ऐकू आल्या. टाळ्यांत एक बाई धापा टाकत हसत होती. आणि एक पुरुषी आवाज, अगदी मायाळू, मला म्हणाला, "कोण बोलतंय? नाव सांगा ना."

फोन मी अजून ठेवला नाहीये. हा बघ, चालूच आहे.

तू असतीस तर काय केलं असतंस? सांगितलं असतंस नाव?