उणे चारची काच

साहेब, खोटं तुम्ही लिहिलं.

तुमच्या रिसॉर्टच्या शिक्क्याखालचा कागद असा आहे : 'मयत चेतन रघुनाथराव खवसे, स्की प्रशिक्षक, हा सुटीवर असताना, सकाळी दहाच्या सुमारास, दारूच्या नशेत, स्वतःच्या मर्जीने उतारावर गेला व पडून मेला. आमचा कोणावरही संशय नाही.' खाली बापाच्या सहीसाठी मोकळी रेघ.

एका दमात एवढं खोटं बसवायला सराव लागतो. तुम्हाला तो आहे. मेलेल्याची बहीण काय काम करते, एवढंच विचारायचं तुम्ही विसरलात.

*

अकराव्या दिवशी सकाळी चेतनच्या बहिणीनं, धनश्रीनं, पाकीट फोडलं.

हिमालयातल्या धारखेतहून चेतनचं प्रेत नागपूरपर्यंत विमानानं आणि तिथून सौंसरला घरी गाडीनं आलं होतं. हे सीलबंद पाकीट त्याच्यासोबतचं. आठवडाभर ते कपाटावर पडून होतं. कोणी हात लावला नाही.

धनश्री रडली नव्हती. बायका आपसात कुजबुजत होत्या. ती चहा ठेवत होती, सतरंज्या झटकत होती, पुन्हा चहा ठेवत होती.

पाकिटात अंगावरून काढलेल्या वस्तू होत्या. हातमोजे. शिट्टी. बर्फातला गॉगल.

"दोरा कुठी आहे?" आईनं विचारलं.

जामसांवलीच्या मारुतीचा शेंदरी दोरा. मनगटावर हातमोज्याखाली टोचतो म्हणून चेतननं तो गॉगलच्या पट्ट्यालाच बांधून घेतला होता. दिवाळीनंतर निघताना, आईच्या हातानं.

"तुटला असंन, आई."

"सात गाठी मारल्या होत्या म्या. सात. कसा तुटंन?"

धनश्रीनं गॉगल उचलला. समोरची मोठी काच, हवा पाहून बदलायची, पिवळी. आतल्या बाजूला छोटी फ्रेम, नंबरच्या काचांची. ती तिच्याच हातची होती. चेतनला उणे चारचा नंबर. गॉगलखाली चष्मा घातला तर वाफ धरते, म्हणून गेल्या उन्हाळ्यात त्यानं चार गॉगल पांढुर्ण्याला आणले होते. एक त्याचा, तीन सोबतच्या प्रशिक्षकांचे. सगळे एकसारखे, रिसॉर्टनं वाटलेले. सोबत प्रत्येकाच्या नंबरची चिठ्ठी. पांढुर्ण्याच्या रवींद्रभाऊंच्या चष्म्याच्या दुकानात धनश्री बारा वर्षं काचा घासते. चारही गॉगलांत नंबर तिनं बसवला.

हाताच्या सवयीनं तिनं गॉगल लांब धरला, काचेतून दाराकडं पाहिलं आणि डावीउजवीकडं हलवला. उणे चारची काच हलवली की समोरचं दार सोबत पळतं.

दार जेमतेम हललं.

मग तिनं गॉगल हातात गोल फिरवला. डाव्या काचेत दाराची चौकट कात्रीसारखी वाकडी झाली.

चेतनच्या नंबरात असा वाकडेपणा नव्हता.

"काय झालं वो?" आई म्हणाली.

"काही नाही. चहा ठेवते."

*

चेतन धारखेतला आधी हॉटेलात ताटं उचलायला गेला. पांढुर्ण्याच्या वीरेंद्रनं नेलं. वीरेंद्र तिथला मुख्य प्रशिक्षक. तिसऱ्या वर्षापासून चेतन स्वतः शिकवायला लागला. सकाळी उतारावर बांबूच्या झेंड्या रोवायच्या. जिथं कडा आहे तिथं दोर बांधायचा. मग पाहुण्यांच्या पायात ते जड बूट चढवायचे आणि पुढं राहून ओरडायचं, "समोसा करा, समोसा! टोकं जवळ, टाचा दूर!" संध्याकाळी कपड्याच्या इस्त्रीनं स्कीला मेण लावायचं आणि शेकोटीपाशी पाहुण्यांसोबत नाचायचं. नाचणंही कामातच धरलेलं. पाय दुखत असले तरी हसायचं.

उन्हाळ्यात घरी आला की चेहरा काळा ठिक्कर आणि डोळ्यांभोवती गोरी वर्तुळं. गल्लीतले म्हणायचे, "चेतन्या, घरात तरी गॉगल काढ बे!"

तो म्हणायचा, "काढलाच आहे."

*

दुपारी वीरेंद्र आला. अठ्ठेचाळीसचा, रुंद खांद्यांचा. प्रेतासोबत तोच आला होता आणि तेव्हापासून पांढुर्ण्यात आपल्या घरी होता.

"काकाजी, परवा तेरवी झाली का त्या कागदावर सही देऊन द्या. मी वर धारखेतले जाऊन राहिलो. फाइल बंद होऊन जाते, तुम्हीही मोकळे."

रघुनाथरावांनी पस्तीस वर्षं तहसिलीत बाबूगिरी केली. कागदावर आहे म्हणजे आहे, हा त्यांचा धर्म. हा कागद आला त्या दिवशी त्यांनी मुलाचा फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवला. नाव घेतलं नाही. तेरवी करतो म्हणाले, तेही बायकोसाठी, सरलाबाईंसाठी.

"पिऊन होता?" त्यांनी विचारलं. अकरा दिवसांत तिसऱ्यांदा.

"बॅगेत बाटली सापडली न, काकाजी."

"हं."

धनश्रीनं चहाचा कप पुढं केला. "वीरूभाऊ, हवा कशी होती त्या दिवशी?"

"लख्ख ऊन. डोळे फुटतीन असं."

"तुम्ही कुठी होते?"

"मी खाली बाजारात. सकाळपासून रात्रीलोक. वर असतो तं जाऊ देतो का त्याले?" त्यानं फोन काढला. "हे पाह्य. त्या दिवशीचाच."

फोटोत वीरेंद्र मोमोच्या ठेल्यापाशी उभा होता. लोकरीच्या टोपीवर काळ्या काचेचा गॉगल चढवलेला. कानामागं पट्ट्यावर काहीतरी लालसर.

"मले पाठवता का? चेतन जायचा तो बाजार आहे. आईले दाखवते."

त्यानं पाठवला. जाता जाता चपलेत पाय घालताना म्हणाला, "ताई, त्याचा गॉगल असंन न पाकिटात? मले देऊन दे. आठवण म्हणून."

"तेरवीले घेऊन जाजा."

*

दुसऱ्या दिवशी ती पांढुर्ण्याला दुकानात गेली.

"तू कायले आली वो? सुतक आहे तुले," रवींद्रभाऊ म्हणाले.

तिनं गॉगल काउंटरवर ठेवला. रवींद्रभाऊंनी आधी समोरची काच पाहिली. "पिवळी? हे तं धुक्यातली. ट्रकवाले नेतात आपल्याकडून. उन्हात कोण घालते?"

धनश्रीनं आतली फ्रेम काढली आणि नंबर मोजायच्या यंत्रावर लावली. डोळा लावून चाक फिरवलं. वाचलेलं मोठ्यानं म्हणाली, रोज म्हणते तसं.

"उजवा, उणे पाऊण. डावा, उणे पाऊण. वर तिरका नंबर, सिलिंडर, दीड. एकशे सत्तर अंशावर."

"चेतनचा उणे चार होता."

"हो."

"चौघांत तिरका नंबर एकाचाच होता, धना."

"कार्ड काढा."

रवींद्रभाऊंनी डब्यातून गिऱ्हाइकाच्या नंबरचं कार्ड काढलं. नाव वाचलं आणि कार्ड उपडं ठेवलं. 

"ठाण्यात जातं का?"

"आधी बाबाची सही थांबवते. त्यायनं एकदा सही केली का चेतन पिऊनच मेला. मग हे कार्ड घेऊन मी काय करू?"

तिनं फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. कानामागचं लालसर मोठं झालं. गाठी दिसायला लागल्या. तिनं मोजल्या नाहीत. गरज नव्हती.

*

तेरवीची जेवणं उठली. आतल्या खोलीत चौघंच होते. रघुनाथराव, सरलाबाई, वीरेंद्र, धनश्री. कागद चौरंगावर. रघुनाथरावांनी पेनाचं टोपण काढलं.

"बाबा, एक मिनिट. वीरूभाऊले त्यायनं मागितलेली आठवण देऊन देते." तिनं गॉगल पुढं केला. "घाला न, भाऊ. पाहू द्या मले."

"आता? इथं?"

"चेतनचा आहे म्हणून म्हणून राहिली."

वीरेंद्रनं गॉगल घातला. पट्टा बरोबर बसला, ओढावा लागला नाही.

"समोरचं कॅलेंडर दिसते? आज तिथी कोणती?"

"पंचमी."

"त्याच्या खाली बारीक काय लिहिलं आहे?"

"रंगपंचमी. अन् खाली... सूर्योदय सहा वाजून..." तो थांबला.

"वाचा न. छान वाचून राहिले."

वीरेंद्रनं गॉगल काढला. आवाज उतरला होता. "हे काय चालून राहिलं, ताई?"

"चेतनचा नंबर उणे चार, भाऊ. तुमच्या वयाच्या माणसानं उणे चारची काच घातली तं त्याले हे कॅलेंडर धुकं दिसते. तुम्हाले सूर्योदय दिसला. कारण हा गॉगल तुमचा आहे. डाव्या डोळ्यात तिरका नंबर, दीड, एकशे सत्तरवर. माझ्याच हातचं कार्ड आहे." तिनं कार्ड कागदावर ठेवलं. "चेतनच्या अंगावरून तुमचा गॉगल निघाला."

"त्यानं आदल्या दिवशी मागितला असंन. सारे सारखेच दिसतात."

"दिसायले सारखे. घातल्यावर नाही. ज्याले त्यातून हातभर पलीकडचं दिसत नाही, तो तो गॉगल कायले मागंन? अन् मग त्याचा स्वतःचा कुठी गेला?"

वीरेंद्रनं गॉगल चौरंगावर ठेवला.

धनश्रीनं फोन आईच्या हातात दिला. "आई, पाह्य. कानामागं."

सरलाबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. "माह्या गाठी आहेत ह्या," त्या म्हणाल्या. "ह्याच्या डोक्यावर कशा?"

धनश्री बोलली. आवाज दुकानात नंबर सांगते तसा, एका पट्टीत.

"मी सांगते, चुकलं तं थांबवा. ऊन नव्हतं. उन्हात पिवळी काच कोणी घालत नाही. बर्फ पडून राहिला होता, समोर सारं एकसारखं पांढरं. चेतनच्या गॉगलले उन्हाची काळी काच होती. तो म्हणाला असंन, भाऊ, मले दिसत नाही. म्हणजे तुम्ही समोर होते. खाली बाजारात नाही. मग तुम्ही आपला पिवळ्या काचेचा गॉगल काढून त्याच्या हातात दिला. त्याचा तुम्ही घेतला. तोच टोपीवर घालून संध्याकाळी मोमो खाल्ले. काचेचा रंग बदलला तुम्ही. नंबर इसरले."

तिनं गॉगल उचलून त्याच्यापुढं धरला.

"उणे चारवाल्याले उणे पाऊणची काच. मले हिशेब येते न, भाऊ. एका फुटापलीकडं त्याले सारं इरघळलेलं दिसलं असंन. बर्फ कुठी संपते अन् हवा कुठी सुरू होते, ते नाही दिसलं त्याले. अन् दुसऱ्याचा गॉगल घालून, आंधळा होऊन, कोणी मजेसाठी उतारावर जात नाही. हुकूम असला तरच जाते."

"तो नाही म्हणाला होता," वीरेंद्र म्हणाला. फरशीकडं बघत. "दोनदा म्हणाला. मी म्हटलं, वीस झेंड्या रोवायच्या आहेत फक्त, कड्यापासून आत. समोसा करत जा."

"किती वाजता?" धनश्रीनं विचारलं.

"दोन."

"उतार चालू होता?"

"बारालेच बंद केला होता. लेखी."

"मग सकाळी दहा कुठून आलं?"

"दहाले उतार चालू होता. ऊनही होतं. ज्याची सुटी आहे तो तेव्हा आपल्या मनानं जाऊ शकते. म्हणून दहा लिहिलं. बाटली मी ठेवली." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मले ठेवायले लावली, काकाजी. दुसऱ्या दिवशी मोठे पाहुणे येणार होते. उताराचा फोटो निघणार होता, झेंड्या दिसल्या पाहिजे म्हणे. फोन आला होता वरून."

"कोणाचा?"

"साहेबांचा."

"नाव?"

वीरेंद्रनं नकारार्थी मान हलवली. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा हलवली. माणूस मारून आलेला माणूस एका नावाला एवढा भीत होता.

रघुनाथरावांनी पेन खाली ठेवलं नव्हतं. "धना, शवविच्छेदनाचा कागद कुठी आहे?"

"पेटीत. तुम्ही उघडला नाही."

"पोराले कसं कापलं ते कायले वाचू, असं वाटलं मले." त्यांनी चष्मा चढवला. ओळीवर बोट ठेवून वाचत गेले, तहसिलीत वाचायचे तसे. दुसऱ्या पानावर बोट थांबलं. 'दारूचा अंश आढळला नाही.' तीच ओळ त्यांनी तीनदा वाचली.

"पस्तीस वर्षं दुसऱ्यायचे कागद पाहिले म्या," ते म्हणाले. "माह्याच पोराचा नाही पाहिला."

ते उठले. भिंतीकडचा फोटो सरळ केला. काळा ठिक्कर चेहरा, डोळ्यांभोवती गोरी वर्तुळं. पुन्हा चौरंगाशी बसले आणि कागदावरची 'आमचा कोणावरही संशय नाही' ही ओळ पट्टी लावून खोडली.

"बस इथंच," ते वीरेंद्रला म्हणाले. "आता जे बोलला ते लिहून दे. मग आपण दोघं ठाण्यात जाऊ."

वीरेंद्रनं लिहून दिलं. रघुनाथरावांनी एकदा शुद्धलेखन दुरुस्त करायला लावलं.

संध्याकाळी धनश्री मोरीत ताटं घासत होती. घासता घासता एक ताट तिनं लांब धरलं आणि डावीउजवीकडं हलवलं. ताटातून काहीच दिसत नाही. मग ती खाली बसली.

*

साहेब, तो कागद परत तुमच्याकडं निघाला आहे. रजिस्टर डाकेनं. सोबत कार्डाची नक्कल, फोटो, शवविच्छेदनाचं दुसरं पान आणि वीरेंद्रचं लिहिलेलं. तो आपल्या वाट्याचं भोगेल.

सहीच्या रेघेवर सही नाही. तिथं तहसिलीच्या वळणदार अक्षरात एका बापानं तुम्हाला विचारलं आहे :

'बारा वाजता लेखी बंद केलेल्या उतारावर दोन वाजता माझा मुलगा पाठवण्याचा फोन कोणी केला? नाव कळवावे. उत्तर लेखी द्यावे.'

द्या.